घरचं रक्त

कापगतेभाऊंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरा राही, गाव राही आणि रक्तगट तर कायमचा राही. भाजीबाजारात मी मेथीची जुडी निवडत उभा असलो, की मागून हाक यायची, "ए पॉझिटिव्ह सर, मेथी जून हाय ते, घेऊ नका." आजूबाजूच्या बायका वळून बघायच्या. मला ते मुळीच आवडत नसे. तीस वर्षं महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला चारचौघांत अशी हाक मारायची म्हणजे काय? एकदा मी त्यांना तसं बोललोही. ते म्हणाले, "सर, नाव मायबाप ठेवतात, ते बदलवता येते. ग्रुप कोनी बदलवून दाखवा." अस्थिमज्जेचं रोपण केलं तर बदलतो, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तोवर ते वांग्यांच्या ढिगाकडे पोचले होते आणि तिथल्या ओ निगेटिव्हची विचारपूस करत होते.

बालाघाटातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत ते तंत्रज्ञ होते. आमची घरं एकाच गल्लीत, मधे फक्त हातपंप. उंच, हाडकुळा माणूस, शर्टाच्या खिशात काचेवर लिहायची निळी पेन्सिल आणि हातांना कायम स्पिरिटचा वास. हात धुतले की ते बोटं नाकाशी नेऊन हुंगत आणि समाधान झालं नाही तर पुन्हा धूत. पेढीला उत्तरेकडे एकच खिडकी होती. रुग्णाचं रक्तद्रव आणि दात्याच्या लाल पेशी एकत्र केल्या, की ती बारीकशी नळी घेऊन ते त्या खिडकीपाशी उभे राहत. गुठळी धरली तर रक्त चालायचं नाही, नाही धरली तर चालेल, एवढाच तो प्रश्न. पण कापगतेभाऊ ती नळी अशी निरखत की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा. मग हळूच म्हणत, "जमते." त्यांच्या तोंडचा तो शब्द ऐकायला बाहेर बाकावर माणसं तासतास बसलेली असत.

रक्त लागलं की आमच्याकडे माणसाला आधी देव आठवतो, मग ओळखीचा नेता, आणि स्वतःचा दंड सगळ्यात शेवटी. रक्त दिलं की माणूस खंगतो, त्याच्यानं नांगर धरवत नाही, अशी समजूत. म्हणून बाई बाळंतपणात रक्ताविना पांढरी पडली, की सासूसासरे दिसत, दीर दिसत, नवरा तेवढा गायब झालेला असे. पेढीची रीत अदलाबदलीची होती. नातेवाइकानं कुठल्याही गटाची पिशवी द्यावी आणि रुग्णाला लागेल त्या गटाची न्यावी. कापगतेभाऊंनी त्या रितीत आपली एक रीत घुसवली होती. नवऱ्याचा गट बायकोशी जुळत असला, तर ते त्याचीच पिशवी तिला लावत. पिशवीवर निळ्या पेन्सिलीनं त्याचं नाव लिहीत, त्याला हाताला धरून वॉर्डात नेत आणि थेंब थेंब पडताना दाखवत. "घरचं रक्त घरात," असं म्हणत.

लामता गावचा एक जण मला आठवतो. मी त्या दिवशी सहज पेढीत गेलो होतो. त्याची बायको आत पडलेली, आणि हा "मेरे को चक्कर आता है साहब" म्हणत लघवीला म्हणून जो गेला, तो मागच्या भिंतीवरून पसार. कापगतेभाऊंनी अंगातला पांढरा कोटही काढला नाही. सायकल घेतली, बसस्टँड गाठलं आणि सुटायला आलेल्या गाडीतून त्याला खाली उतरवून आणलं. सायकलच्या दांडीवर बसवून. वाटेत त्याच्याशी काय बोलले देव जाणे, पण त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. नंतर त्याला गूळ-फुटाणे खायला घालून ते वॉर्डात घेऊन गेले. तो माणूस स्वतःचं नाव लिहिलेल्या पिशवीकडे बघत राहिला आणि एकाएकी ढसाढसा रडायला लागला. पुढल्या हंगामात तो चिन्नोर तांदळाचं गाठोडं घेऊन आला, बरोबर बायको आणि मूल.

"ज्याचं रक्त बायकोच्या अंगात गेलं ना सर, तो तिच्यावर हात नाही उचलत," कापगतेभाऊ मला म्हणाले. "म्या पाह्यलं हाय."

"पाहिलंत म्हणजे किती जणांचं पाहिलंत? मोजलंत का?"

"तुमी मोजा. म्या पाह्यतो."

असं ते मला नेहमी गप्प करत. मला राग यायचा, कारण त्यांचं म्हणणं शास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात बसत नव्हतं, आणि तरी वॉर्डातल्या त्या माणसाचं रडणं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

एकदा मी त्यांना महाविद्यालयात बोलावलं, मुलांना रक्तगट तपासून दाखवायला. खडूच्या धुळीनं भरलेल्या माझ्या टेबलावर त्यांनी आधी स्पिरिटचा बोळा फिरवला, मगच काचपट्ट्या मांडल्या. त्यांचं झाल्यावर मी प्रतिपिंडांचा धडा घेतला. शरीर परक्या पेशीची खूण एकदा बघतं, तिच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं आणि ती खूण जन्मभर लक्षात ठेवतं. पुन्हा ती दिसली की आधीपेक्षा जोरानं तुटून पडतं. लाल पेशींच्या खुणा थोड्या आणि ठरावीक. पांढऱ्या पेशींवरच्या खुणा मात्र माणसागणिक वेगळ्या, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या बापाकडून, आणि त्याच खुणा मूत्रपिंडावर, यकृतावर, सगळीकडे असतात. परीक्षेत यावर दोन गुणांचा प्रश्न येई. कापगतेभाऊ मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एका मुलीनं त्यांना विचारलं, रक्त घरच्याचं चांगलं की बाहेरच्याचं? ते तिथूनच म्हणाले, "घरच्याचं, बाई. ते बी का विचारनं झालं?" मी हसलो आणि फळा पुसायला लागलो. तेव्हा मी थांबायला हवं होतं. पुस्तकातली खूण आणि पेढीतली पिशवी यांची सांगड माझ्या डोक्यात तेव्हा बसली नाही, आणि माझ्यासारख्यानं ती घालायची नाही तर कोणी घालायची?

त्यांची बायको शेवंता, आमची वहिनी, रामपायलीची. ठेंगणी, हसरी आणि तोंडानं फटकळ. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या थोरांनी पत्रिका बघितल्या, आणि हे गृहस्थ मुलगी बघायला जाताना खिशात सुई आणि काचपट्टी घेऊन गेले होते. बोट टोचून घ्यायला लावलं म्हणून वहिनीचा बाप उठून चालला होता म्हणे. दोघांचाही गट बी पॉझिटिव्ह निघाला तेव्हा यांना कोण आनंद! "छत्तीस गुन जुळले," असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

वहिनीला आयुष्यात तीनदा रक्त लागलं. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा, मग मीनाच्या जन्माच्या वेळी, आणि पुढे काही वर्षांनी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा. तिन्ही वेळा कापगतेभाऊंनी स्वतःचं दिलं. स्वतः खाटेवर पडायचे, उठून स्वतःच नळी खिडकीशी धरायचे, स्वतःच "जमते" म्हणायचे आणि स्वतःच पिशवी लावायचे. वहिनी हे सगळ्या गल्लीला सांगे. हातपंपावर कोणी नव्या पाटल्या दाखवायला लागली, की घागर खाली ठेवून म्हणे, "तुह्या नवऱ्यानं सोनं देल्लं असन बाई. माह्यानं तीन पिशव्या देल्ल्या." पाटल्यावाली बिचारी हात पदराखाली घेई. मी माझ्या अंगणातून हे कितीदा तरी ऐकलं आहे. आपल्या संसाराबद्दल माणसाला एक गोष्ट अभिमानानं सांगता यावी लागते, आणि वहिनीची ती गोष्ट ही होती.

कापगतेभाऊ निवृत्त व्हायच्या सुमारास वहिनीच्या पायांवर सूज यायला लागली. ब्लडप्रेशर बरीच वर्षं होतं, तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद झाल्याचं कळलं तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेलो तर कापगतेभाऊ ओट्यावर शांत बसलेले. "घाबराचं कारन नाही सर," ते म्हणाले. "माह्यापाशी दोन हायेत. एक तिची. ग्रुप तं जुळलेलाच हाय." त्यांच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मीही निर्धास्त झालो.

नागपूरला तपासण्या झाल्या. निकाल घ्यायला त्या दोघांबरोबर मीही गेलो, कारण डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायला कोणी हवं असं मीनाचं म्हणणं होतं. मीना गोंदियाला दिलेली. तिनंही आपलं रक्त तपासायला दिलं होतं. डॉक्टर तरुण होते, बोलायला सौम्य. म्हणाले, गट जुळतो, पण क्रॉसमॅच जमली नाही. वहिनीच्या रक्तद्रवात कापगतेभाऊंच्या पांढऱ्या पेशी टाकल्या तर त्या भराभर मेल्या. म्हणजे वहिनीच्या अंगात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत, आणि तीही फार. मूत्रपिंड बसवलं तर टेबलावरच काळं पडेल. लेकीच्या अंगात निम्म्या खुणा बापाच्या, म्हणून तिचंही चालायचं नाही. रक्तद्रव धुऊन प्रतिपिंडं कमी करता येतात, पण इतकी असताना तो धोका आम्ही घेणार नाही.

वहिनी पुढे सरकून बसली. पदर सावरला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमची काही तरी चूक होऊन राह्यली. माह्या अंगात यायचंच रक्त हाय. एकदा नाही, तीनदा देल्लं यायनं. मंग यायचं मले चालत नाही असं कसं होईन?"

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी वहिनीकडे बघितलं, मग कापगतेभाऊंकडे. "तिन्ही वेळा यांचंच?"

"हौ! इचारा ना त्याइले."

गर्भ पोटात असताना बापाच्या खुणा आईच्या रक्ताला दिसतात. तेवढ्यानंही प्रतिपिंडं तयार होतात, पण पुष्कळदा ती विझत जातात. इथं त्याच खुणा पिशवीतून पुन्हा पुन्हा अंगात गेल्या होत्या. हे सगळं डॉक्टरांना कळलं, मला कळलं आणि कापगतेभाऊंना कळलं. वहिनीला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी, मावशी." मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

परतताना गोंदियाहून बस धरली. राजेगावला बस चहासाठी थांबली. वहिनी खिडकीशी डोळे मिटून बसली होती. आम्ही दोघं खाली उतरलो. चहाचा ग्लास हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "सर, पांढऱ्या पेशी पिशवीत जातात ना?"

"जातात."

"आमी गाळत नव्हतो. तवा तसं काही नव्हतंच आमच्याकडं."

"नव्हतंच. तुम्हाला कसं माहीत असणार?"

"म्या लाल पेशी पाह्यल्या," ते म्हणाले. "जलमभर लालच पाह्यल्या." आणि चहा न पिताच ग्लास त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवून दिला.

डॉक्टरांनी एक मार्ग सुचवला होता. वहिनीची प्रतिपिंडं बहुतेक कापगतेभाऊंच्याच खुणांविरुद्ध होती. परक्या माणसाचं मूत्रपिंड तिला चालण्यासारखं होतं. आपल्यासारखीच न जुळणारी दुसरी जोडी मिळाली, तर त्यांच्या दात्यानं वहिनीला द्यायचं आणि कापगतेभाऊंनी त्यांच्या रुग्णाला. सरकारी परवानगी घेऊन अशी अदलाबदल करता येते. त्यासाठी नाव नोंदवायचं आणि वहिनीनं सही करायची, बस.

वहिनी सही करेना. तिनं आपल्या मनाशी वेगळाच अर्थ लावला होता. तीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, ज्याचं रक्त घेतलं, त्या माणसालाच तिचं अंग नको म्हणतं, तर खोट तिच्यातच असली पाहिजे. रामपायलीहून भावजय आली होती, तिनं त्यात भर घातली. म्हणाली, "मनात नवऱ्याबद्दल काही आडपडदा असन तं अंग असं करते म्हनतात." वहिनी त्या बाईला काही बोलली नाही. एरवी तिनं तिला दारापर्यंत पळवली असती. माझी बायको समजवायला गेली, तर शेवंतावहिनी तिला म्हणाली, "घरधन्याचं नाही चाल्लं बाई, मंग लोकायचं का चालन? कोना गरिबाची चांगली किडनी माह्या अंगात सडवू?" हातपंपावर ती येतच नव्हती. कापगतेभाऊंचं ताटही ती वाढून सरकवून देई आणि समोर बसत नसे, जणू तिनं त्यांचा काही अपराध केला होता.

आणि कापगतेभाऊ गप्प. बाजारातून जाताना त्यांनी कोणाला गटावरून हाक मारलेली मी त्या दिवसांत ऐकली नाही. सांगणं एवढंच होतं, की बाई, तुझ्या अंगाची काही चूक नाही, हे माझ्या पिशव्यांनी केलं. पण ते सांगायचं म्हणजे तिच्याजवळची ती एक गोष्ट काढून घ्यायची. पहिल्या महिन्यात मला त्यांचा संकोच समजत होता. तिसऱ्या महिन्यात मला राग यायला लागला. त्यानंतर एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, तुमी सांगा तिले. तुमाले सांगता येते. तुमी मास्तर."

मी म्हणालो, "बघू. योग्य वेळ आली की सांगतो."

ती वेळ मी आणली नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, एकदा तर आत जाऊन चहाही प्यायलो आणि पावसापाण्याचं बोलून परत आलो. हे मी इथं लिहितो आहे, कारण कापगतेभाऊंनी पुढे आठ महिन्यांचा सगळा दोष एकट्यानं अंगावर घेतला. त्यातले काही महिने माझे होते.

शेवटी त्यांनीच सांगितलं. डायलिसिसच्या वॉर्डात, भर दुपारी. मी डबा घेऊन गेलो होतो. वहिनीचा हात मशीनला जोडलेला, कापगतेभाऊ स्टुलावर. मी दाराशीच थांबलो, कारण त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. पेढीत नवख्या माणसाला समजावून सांगत, तसे ते एकेक गोष्ट क्रमानं सांगत होते. पांढऱ्या पेशी, त्यांच्यावरची खूण, पहिलं लेकरू, पहिली पिशवी, दुसरी, तिसरी. कुठंही अडखळले नाहीत.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू द्या. ते नसतं देल्लं तं मी त्याच दिवशी मेली असती ना?"

इथं थांबले असते तरी चाललं असतं. माझ्यासारखा माणूस नक्की थांबला असता. कापगतेभाऊ म्हणाले, "नसती मेली. फ्रीजमधी बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. तिन्ही खेपी काही ना काही होतंच. म्या लावल्या नाही."

"काहून?"

"मले वाटलं, तुह्या अंगात परक्या कोनाचं जाऊ नये."

मशीन चालू होतं. वहिनी बराच वेळ त्या नळीतल्या रक्ताकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "हे तुमाले कधी समजलं?"

"नागपूरले. डॉक्टरच्या समोर."

"म्हंजे आठ महिने झाले."

"हौ."

तेव्हा मात्र ती भडकली. मोकळ्या हातानं तिनं अंगावरची चादर मुठीत आवळली. "तीन पिशव्यायचा राग नाही मले. ते तुमी जीव लावून देल्लं, चुकलं तं चुकलं. आठ महिने मले काहून रडू देल्लं? म्या माह्या अंगाले रोज शिव्या देल्ल्या. आंघोळ करताना देल्ल्या. अन् तुमी म्या वाढलेलं मुकाट्यानं जेवत होते!"

कापगतेभाऊंनी मान खाली घातली. मी डबा दाराशी ठेवला आणि निघून आलो. त्या डब्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी हातपंपावर तिचा आवाज आला, बऱ्याच महिन्यांनी. कोणाला तरी म्हणत होती, "लिवून टाका म्हनलं नाव. आपल्याच मानसाचं पायजे असं काही नसते." दुपारी दोघं नागपूरला गेली आणि सही करून आली.

जोडी मिळायला पाच महिने लागले. वर्ध्याकडची एक आजारी आई आणि तिला मूत्रपिंड द्यायला निघालेला तिचा तिशीतला मुलगा. मुलाच्या अंगातल्या बापाकडच्या खुणांशी आईच्या रक्ताचं वैर, पोटात वाढवलेल्या मुलाशीच. त्या मुलाचं वहिनीला जमत होतं आणि कापगतेभाऊंचं त्या आईला. दोन्ही क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे कुठंच वैर नाही, असा फोन आला तेव्हा कापगतेभाऊ धावत माझ्या अंगणात आले. "जमते सर!" एवढंच म्हणाले. बासष्टीच्या घरातला तो उंच माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा हात चोळत उभा होता, आणि मी त्यांना मिठी मारली. तसं मी कोणाला मारत नाही.

परवानगीचे कागद झाले, तारीख ठरली. तारखेला तीन आठवडे उरले असताना वहिनीला थंडी वाजून ताप आला. डायलिसिसच्या नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. इतके महिने मशीनवर काढलेलं शरीर, त्यात झुंजायचं बळ उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. वैनगंगेच्या काठावर अग्नी दिला, तेव्हा कापगतेभाऊ रडले नाहीत. मला मात्र आवरलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. मुंडन केलेलं डोकं, हातात ती नागपूरची फाइल. म्हणाले, "सर, चलता का? एकट्यानं बोलनं होनार नाही." कशासाठी ते मी विचारलं नाही. वहिनीचे काही कागद द्यायचे असतील, असं वाटलं.

रुग्णालयात अदलाबदलीचं काम एक समन्वयक बाई बघत. वहिनीची बातमी त्यांना कळली होती. त्या उठून उभ्या राहिल्या, कापगतेभाऊंना खुर्ची दिली आणि चार शब्द सांत्वनाचे बोलायला लागल्या. कापगतेभाऊंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग फाइल टेबलावर उघडून ठेवली.

"बाई, आमचं जे व्हायचं ते झालं. पन त्या वर्ध्याच्या माउलीचं का चाललं?"

"डायलिसिसवर आहेत. आता पुन्हा दुसरी जोडी शोधावी लागेल."

"काहून शोधता? माही जमते ना तिले. तुमच्याच कागदावर लिवलं हाय, निगेटिव्ह. मी आलो हाय. घ्या."

बाईंनी तो कागद काढून पुन्हा वाचला. मग त्यांनी हळू आवाजात नियम समजावून सांगितला. नात्यातल्यानंच नात्यातल्याला द्यायचं, नाही तर जोडीला जोडी. त्यांची जोडी आता राहिली नव्हती. वर्ध्याच्या त्या आईचे ते कोणी लागत नव्हते, आणि परक्यानं परक्याला द्यायचं म्हटलं तर समिती हो म्हणत नाही. नियम चांगल्यासाठीच आहे काका, गरिबांची फसवणूक होते.

"मले समजते," कापगतेभाऊ म्हणाले. "पन ते वाया जाऊन राह्यलं ना. माह्या अंगात राहून त्याचा का उपेग?"

त्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला. कापगतेभाऊंनी फाइल बंद केली, पण उचलली नाही. हलकेच ती बाईंच्या बाजूला सरकवली.

"रडू नका बाई. फाइल ठेवून घ्या. तपासन्या सगळ्या यातच हायेत, पुन्यांदा करा लागनार नाही," ते म्हणाले. "नियम बदलला तं फोन करा. पासष्टपर्यंत घेता म्हने तुमी. माह्यापाशी तीन वर्षं हायेत."